सरळ केलेला बाण पुन्हा का वाकतो? बांबूच्या काडीचं दुखणं आणि त्यावरचे उपाय

वैशाखात चोवीस काड्या निखाऱ्यांवर शेकून सुतासारख्या सरळ केल्या, पिसं बांधली, लोखंडी टोकं बसवली आणि माळ्यावर ठेवून दिल्या. पोळ्याला खाली काढल्या तर सातच सरळ राहिल्या होत्या. बाकीच्यांत काहींना हलका बाक आला होता, काही पार कोयत्यासारख्या झाल्या होत्या. पुन्हा शेकल्या. दसऱ्यापर्यंत त्यातल्या निम्म्या पुन्हा वाकल्या. पुढच्या वर्षी हेच झालं, त्याच्या पुढच्या वर्षीही हेच.

मी तळोदा तालुक्यात राहतो. आमच्या गावातली दहा-बारा पोरं तिरकमठ्यावर सराव करतात. त्यांतली काही ‘इंडियन राउंड’ खेळतात, म्हणजे धनुष्य बांबूचं, बाण बांबूचा किंवा लाकडाचा, आणि अंतर ५० व ३० मीटर. त्यांचे बाण मी करतो. बाण वाकडा असल्यामुळे नेम चुकला, तर पोराला वाटतं आपलाच हात चुकला. मग ते नसलेली चूक सुधारायला लागतं आणि असलेला चांगला हात बिघडवून बसतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणूनच हा प्रश्न मी सोडला नाही.

खालचं सगळं मानवेलाच्या काडीबद्दल आहे. सातपुड्याच्या कोरड्या उतारांवर आणि शेताच्या बांधांवर हा बांबू करंगळीएवढा बारीक आणि जवळजवळ भरीव मिळतो. खरा वेत आपल्याकडे होत नाही, तो कोकण आणि सह्याद्रीच्या ओल्या रानातला. नदीकाठच्या बरूबद्दल शेवटी थोडं लिहिलं आहे.

आधी हे तपासा: बाक जुन्याच जागी आला की नव्या?

सगळ्या निदानाची किल्ली या एका प्रश्नात आहे. पहिली तीन वर्षं मी तो विचारला नाही आणि तीन वर्षं भलत्याच जागी औषध लावत राहिलो.

काडी पहिल्यांदा शेकण्याआधी तिच्या शेपटीजवळ मार्कर पेनाने क्रमांक टाका. मग एक डोळा मिटून उजेडाकडे धरून काडी न्याहाळा. जिथे जिथे बाक असेल तिथे गोल करा आणि पोट कोणत्या बाजूला आलं आहे ते छोट्या बाणाच्या खुणेने दाखवा. त्यानंतर शेकून सरळ करा. खुणा पुसू नका. एक पाऊस जाऊ द्या आणि श्रावणात पुन्हा तपासा.

डोळ्याने कळत नसेल तर डाव्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट यांच्या नखांवर काडी आडवी टेकवून उजव्या हाताने गिरकी द्या. सरळ काडी नखांवर गुळगुळीत फिरते. वाकडी टणटण उड्या मारते, आणि किती मारते त्यावरून बाक किती आहे हेही कळतं.

चौथ्या वर्षी मी ३० काड्यांवर अशा खुणा केल्या. श्रावणात २१ वाकल्या होत्या. त्यातल्या १३ जुन्याच गोलात, त्याच दिशेला वाकल्या होत्या. उरलेल्या ८ ना बाक आला होता तो अगदी नव्या जागी. ही दोन वेगळी दुखणी आहेत. जुन्या जागी परत येणारा बाक सांगतो की काडी कच्ची होती, ओली होती किंवा शेक अपुरा पडला. नव्या जागी आलेला बाक सांगतो की काडी चांगली होती, पण नंतर तिच्यात हवेची ओल एका बाजूने शिरली किंवा ती चुकीची ठेवली गेली. पहिल्यासाठी नुसतं पॉलिश लावून उपयोग नाही आणि दुसऱ्यासाठी नुसतं पुन्हा पुन्हा शेकून उपयोग नाही.

बाक जुन्याच जागी येतो

याचं मूळ बहुतेक वेळा कापणीत असतं. बांबूचा कोंब पावसाळ्यात निघतो आणि दोन-तीन महिन्यांत त्याची सगळी उंची आणि सगळी जाडी पूर्ण होते. झाडासारखा तो दर वर्षी जाड होत नाही. पुढची दोन-तीन वर्षं तो फक्त आतून पक्का होत जातो. त्यामुळे आठ महिन्यांची काडी आणि तीन वर्षांची काडी जाडीने सारखीच दिसते. मी पहिल्या वर्षी बांधावरून आणलेली मोळी अशीच होती. हिरवीगार, सरळसोट, देखणी आणि पार कोवळी.

कोवळी काडी ओळखायची खूण अशी: गाठींवर अजून पापुद्रे चिकटलेले असतात, पेरांवर पांढरी भुकटी असते आणि हिरवा रंग चकचकीत असतो. पक्व काडीचे पापुद्रे गळून गेलेले असतात, हिरवा रंग मळकट, पिवळसर झालेला असतो आणि सालीवर दगडफुलासारखे पांढरट-करडे डाग पडलेले असतात. नखाने टिचकी मारली तर कोवळी काडी बद्द वाजते, पक्व काडी टणक वाजते. बेटाच्या बाहेरच्या कडेला नवी काडी असते आणि आतल्या बाजूला जुनी. हात पोचतो म्हणून आपण बाहेरचीच कापतो, तिथेच फसतो. तीन वर्षांखालची काडी घेऊ नका.

कापायचा हंगाम मार्गशीर्ष ते माघ. पावसाळ्यात आणि पाठोपाठ कापलेल्या बांबूत रस जास्त असतो. अशी काडी वाळताना जास्त आक्रसते आणि तिला कीडही लवकर लागते. काठी गावात होळीचा उंच बांबू उभा राहायच्या आत आमच्या काड्या कापून, मोळ्या बांधून झालेल्या असतात.

कुठून कापायच्या हेही सांगून ठेवतो. स्वतःच्या किंवा ओळखीच्या बांधावरचा बांबू सगळ्यात सोयीचा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेर वाढलेला बांबू भारतीय वन कायद्यात ‘झाड’ धरला जात नाही. वनातला बांबू २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपज आहे. त्यावर सामूहिक हक्क असलेल्या गावांनी ग्रामसभेतून ठरवून कापावा. यावल आणि अनेर ही अभयारण्यं आहेत. तिथली काडी तोडू नका.

आता वाळवणं. इथे माझी सगळ्यात मोठी चूक झाली होती. आपल्या खानदेशातली धाब्याची घरं आणि चैत्र-वैशाखातलं ४२ ते ४५ अंशांचं ऊन, मग काड्या धाब्यावर पसरल्या की आठ दिवसांत खडखडीत, असं मला वाटलं. त्या खडखडीत झाल्याही. पण उन्हाकडची बाजू आधी आक्रसली, खालची मागाहून, आणि प्रत्येक काडीत एक ताण कायमचा बसला. वरून वाळलेल्या काडीचा गाभा अजून ओला होता. मी ती शेकून सरळ केली, पुढच्या दोन महिन्यांत गाभा वाळत गेला आणि काडी पुन्हा आपल्या जुन्या बाकावर गेली.

अक्राणीकडचे, पावरा आदिवासी समाजाचे एक बाबा मोलगीच्या बाजारात भेटायचे. त्यांनी ती काडी हातात घेतली, वास घेतला, गालाला लावली आणि अहिराणीत म्हणाले, “आजून ओला शे तो. तेले सुकू दे.” वरून लाकडासारखी कोरडी असलेली काडी त्यांच्या गालाला गार लागली होती. आत ओल असली की काडी गार लागते. ही परीक्षा मी आजही करतो.

पण गालावर सगळ्यांचा भरवसा बसत नाही, म्हणून वजनकाटा वापरा. सराफाकडे असतो तसा दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आता कुठेही मिळतो. कापल्याच्या दिवशी मोळीतल्या पाच काड्या निवडून वजन लिहून ठेवा आणि दर रविवारी पुन्हा करा. माझी एक काडी कापली तेव्हा ५२ ग्रॅम होती, दहा आठवड्यांनी ३१ ग्रॅमवर येऊन थांबली. लागोपाठ दोन रविवार वजन तेच भरलं की काडी वाळली. त्याच्या आधी आग दाखवू नका. या एका नियमाने माझी जुन्या जागची वाकणारी संख्या निम्म्यावर आली.

वाळवायची रीत अशी. काड्या हव्या त्या लांबीपेक्षा वीतभर जास्त ठेवून कापा. कापलेल्या दोन्ही टोकांना मेण लावा, नाहीतर टोकं भराभर वाळून उभ्या चिरा पडतात. वीस-पंचवीस काड्यांच्या मधोमध एक सरळ लोखंडी सळई घालून घट्ट मोळी बांधा, चार जागी दोरी, आणि दर आठवड्याला दोरी पुन्हा आवळा, कारण काड्या आक्रसून मोळी सैल होते. मोळी सावलीत, वारं खेळेल अशा जागी आढ्याला आडवी टांगा. चुलीच्या वर टांगली तर आणखी चांगलं, धुराने कीड लांब राहते.

शेकायचं कसं

काडी पक्व आहे, वाळली आहे, तरी बाक जुन्याच जागी येतो, तर चूक शेकण्यात आहे.

बांबूच्या धाग्यांना बांधून ठेवणारा लिग्निन नावाचा पदार्थ तापल्यावर मऊ होतो आणि निवल्यावर पुन्हा घट्ट होतो. आपण काडी सरळ करतो म्हणजे मऊ झालेल्या लिग्निनला नव्या आकारात निवू देतो. नुसती साल तापली आणि गाभा थंड राहिला तर सालीने नवा आकार घेतला, गाभ्याने नाही. मग चार दिवसांत गाभा सालीला आपल्याकडे ओढून घेतो. बाहेरून करपलेली आणि आतून कच्ची भाकरी असते ना, तसंच.

म्हणून ज्वाळ नको, निखारे हवेत. बाभळीचे निखारे चांगले, बराच वेळ एकसारखे राहतात. हॉट एअर गन असेल तर तीही चालते, मात्र लांब धरा. काडी निखाऱ्यांपासून चार बोटं वर धरून सतत फिरवायची आणि बाकाच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटांपर्यंत पुढेमागे न्यायची. साल आधी चमकते, मेणासारखा ओलसर तजेला वर येतो. तिथे थांबायचं नाही, फिरवत राहायचं. रंग फिकट बदामी होईपर्यंत गाभ्याला ऊब पोचते. तपकिरीच्या पुढे गेलात तर काडी ठिसूळ झाली. काळी पडलेली काडी बाणासाठी वापरू नका, ती सुटताना मोडते.

बाक काढायला खाच पाडलेला लाकडी ठोकळा वापरा. बाभळीच्या वीतभर तुकड्याला काडीपेक्षा थोडी रुंद, तिरकी खाच पाडायची आणि तिच्या कडा गोल घासायच्या. काडी तिच्यात अडकवून ठोकळ्याची तरफ करायची. हाताने वाकवलं तर जोर लांबवर पसरतो आणि भलतीकडेच नवा बाक तयार होतो. सरळच्या थोडं पलीकडे न्या, इतकं की डोळ्याला उलटा बाक जेमतेम दिसेल, आणि तसंच धरून ठेवा. किती वेळ? काडी हाताला गार लागेपर्यंत. बहुतेक जण दहा मोजतात आणि सोडतात. मी पूर्ण निवेपर्यंत धरतो. ओलं फडकं लावून पटकन निववणारेही आहेत, पण त्याने सालीला केसाएवढ्या चिरा गेलेल्या मला दिसल्या आहेत, म्हणून मी ते सोडलं.

क्रम असा ठेवा: आधी पेरांमधले लांब बाक, मग गाठींवरचे छोटे कोन. गाठ दाट असते, तिला जास्त ऊब लागते आणि तीच सगळ्यात हट्टी असते. गाठ बाहेर आलेली असते म्हणून काहीजण ती रंध्याने साफ करतात. फुगवटा कानशीने हलक्या हाताने उतरवायला हरकत नाही. पण एका बाजूने जास्त खरवडू नका, त्याचं कारण पुढे येतंच.

आणि हे एकदा करून भागत नाही. पहिला शेक दिला की काडी पुन्हा मोळीत बांधून दहा दिवस ठेवा. मग तपासा, जी थोडी मागे गेली असेल ती पुन्हा शेका. पुन्हा दहा दिवस. तिसऱ्या वेळी पंधरातल्या एखाद-दुसऱ्या काडीलाच आग दाखवावी लागते. तिसऱ्या शेकानंतरही जी काडी त्याच गोलात त्याच दिशेला वाकते ती बाजूला काढा. तिच्या धाग्यांची ठेवणच तिरकी आहे. तिचा मी वाफ्यात टेकू लावतो.

बाक नव्या जागी येतो

याचा गुन्हेगार आपली हवा आहे. वैशाखात इथे दुपारची हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात. आषाढ-श्रावणात तीच हवा इतकी दमट होते की मिठाची बरणी पाझरते. लाकूड असो की बांबू, तो हवेप्रमाणे ओल घेतो आणि सोडतो. वैशाखात २० ग्रॅम भरलेला माझा बिनपॉलिशचा बाण श्रावणात २२ ग्रॅमच्या आसपास भरला. दोन ग्रॅम पाणी त्याने नुसत्या हवेतून प्यायलं. ही ओल सगळीकडून सारखी शिरली असती तर काडी जराशी फुगली असती, वाकली नसती. ती एका बाजूने जास्त शिरते, ती बाजू जास्त फुगते आणि काडी तिच्या उलट दिशेला झुकते.

एका बाजूने का शिरते? बांबूची साल मेणचट आणि कठीण असते, ती ओल सहज आत घेत नाही. आपण गाठी साफ करताना, पिसं बसवायची जागा घासताना किंवा काडी ‘गोल’ करताना साल एका अंगाने काढतो. तिथे दार उघडं पडतं. माझ्या आठ नव्या बाकांपैकी सहा बाक मी साल खरवडलेल्या जागीच होते. खुणा केल्या नसत्या तर हे मला आयुष्यात कळलं नसतं.

उपाय तीन. पहिला, साल शक्य तितकी राखा. गाठीचा फुगवटा काढलात तर चारी बाजूंनी सारखा काढा. दुसरा, उघडी पडलेली प्रत्येक जागा बंद करा. मी कोमट काडीवर जवसाचं तेल चोळतो, दोन दिवसांनी पुन्हा, मग आठवडाभर वाळू देतो आणि वर चपडीचे दोन पातळ हात देतो. चपडी म्हणजे लाख, सुतार मंडळी पॉलिशला वापरतात ती, स्पिरिटमध्ये विरघळवून. चपडी हवेची ओल बऱ्यापैकी रोखते. तिसरा आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटणारा: दोन्ही कापलेली टोकं आणि शेपटीच्या खाचेचा आतला भाग. बांबूचे धागे लांबीने जातात, त्यामुळे ओल टोकाकडून जितकी झपाट्याने शिरते तितकी सालीतून कधीच शिरत नाही. टोक बसवताना पोकळीत सरस भरून घ्या आणि खाचेत काडीने चपडी सोडा.

ठेवण्याबद्दल दोन शब्द. कोपऱ्यात भिंतीला तिरके टेकवून ठेवलेले बाण स्वतःच्या वजनानेच वाकतात, आणि पावसाळ्यात मातीच्या भिंतीची ओलही घेतात. पत्र्याच्या छताला चिकटून ठेवले तर दिवसा भट्टी, रात्री गारवा. पिसं दाबली जाणार नाहीत अशी लाकडी चौकट करा, तिला तीन आडव्या पट्ट्या असू द्या आणि बाण आडवे ठेवा. ते जमत नसेल तर टोक खाली, शेपटी वर असे अगदी उभे टांगा. तिरके मात्र नकोत.

काडी सरळ आहे, तरी बाण वाकडा जातो

नखावर गिरकी नीट घेतो, पण लक्ष्यावर सतत एकाच बाजूला जातो, तर बाक शोधत बसू नका. काडीचा ताठपणा धनुष्याशी जुळत नाही.

दोरी सुटते तेव्हा बाण सरळ पुढे जात नाही. तो मधोमध वाकतो, धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून जातो आणि मग डोलत डोलत सरळ होतो. जास्त ताठ बाण पुरेसा वाकत नाही, दांड्यावर आपटतो आणि उजव्या हाताने ओढणाऱ्याचा डावीकडे जातो. जास्त लवचीक बाण उजवीकडे जातो. डावखुऱ्या पोराचं उलट.

घरच्या घरी मोजता येतं. दोन खिळे एकमेकांपासून ६६ सेंटीमीटरवर ठोका, काडी त्यांवर आडवी ठेवा आणि मधोमध ९०७ ग्रॅम वजन टांगा. पाण्याची बाटली काट्यावर तेवढी भरून घेतली की झालं. काडी मधोमध किती मिलिमीटर खाली आली ते मोजा. ६६० ला त्या आकड्याने भागा. येणारं उत्तर म्हणजे ती काडी साधारण किती पौंडांच्या धनुष्याला योग्य आहे. १६.५ मिलिमीटर खाली आली तर ४० पौंड, १९ आली तर ३५ पौंडांच्या जरा खाली. लाकडी बाण करणाऱ्यांची ही जुनी मोजणी आहे, आणि बारा बाणांचा एकसारखा संच निवडायला यासारखं दुसरं काही नाही. टोक जड केलं किंवा काडी लांब ठेवली की बाण सुटताना जास्त वाकतो, म्हणजे लवचीक झाल्यासारखा वागतो. ताठ निघालेला बाण टोकाचं वजन थोडं वाढवून जुळवता येतो.

काडी खिळ्यांवर फिरवत मोजलीत तर कळेल की एका बाजूने ती जास्त ताठ आहे. फांदी फुटलेल्या बाजूची खोबण बघून ती आधी ओळखता येते. ताठ बाजू धनुष्याच्या दांड्याकडे येईल अशी खाच पाडा, सगळ्या बाणांना एकाच पद्धतीने.

काडी ताठ आहे म्हणून तासून बारीक करणं मात्र मनातही आणू नका. भरीव गोल काडीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. ८ मिलिमीटरची काडी साडेसातवर आणली तरी साधारण २३ टक्के ताठपणा गेला. शिवाय बांबूचे सगळ्यात बळकट, दाट धागे सालीलगतच असतात, त्यामुळे खरी घट याहून मोठी. आणि साल गेली की श्रावणात नव्या जागचा बाक आलाच.

बारीकसारीक

काडीखाली पिठासारखी बारीक भुकटी पडते: भुंगेऱ्याने पोखरलं आहे. तो बाण वापरू नका, इतरांपासून लगेच वेगळा करा. पुढच्या मोळीला कापल्यावर लगेच दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात किंवा रोज पाणी बदललेल्या हौदात बुडवून ठेवा, पिष्ट आणि साखर धुऊन जाते. बोरॅक्स तीन भाग आणि बोरिक ॲसिड दोन भाग यांचं पाच टक्क्यांचं पाणीही वापरतात. ते हाताळताना हातमोजे घाला आणि लहान मुलं लांब ठेवा.

शेपटीची खाच उभी फाटते: खाच पेराच्या मधोमध पाडली आहे. काडी अशी कापा की खाचेचा तळ गाठीच्या लगेच वर येईल. गाठीच्या आडव्या पडद्यापाशी चीर थांबते. खाचेच्या खाली सुती दोऱ्याचे वीसेक घट्ट वेढे द्या आणि त्यांवर सरस लावा. दोरी बांबूच्या सालीची असेल तर ती रुंद असते, तेव्हा खाचही रुंद आणि उथळ ठेवा. अरुंद खाचेत ती पाचरीसारखी घुसते आणि शेपटी चिरते.

पावसात पिसं सुटतात: सरस पाण्याने विरघळतो. पिसाची पुढची आणि मागची दोन्ही टोकं दोऱ्याने बांधून त्यावर चपडी लावा. मी कोंबड्याच्या पंखाची पिसं वापरतो, तीनही एकाच बाजूच्या पंखाची. डाव्या आणि उजव्या पंखाची मिसळ केली तर बाण हवेत भोवरा धरत नाही.

बरू: नदीकाठचा बरू हलका आणि निसर्गतःच बराच सरळ असतो, पण आतून पोकळ. टोक थेट बसवलं तर पहिल्याच दगडाला तो फाटतो. पुढच्या बाजूला धामणीची किंवा बाभळीची वीतभर खुंटी घट्ट बसवून वरून दोरा गुंडाळा आणि टोक त्या खुंटीला लावा. बरू निखाऱ्यावर मानवेलाच्या मानाने फार लवकर करपतो, ऊब निम्मी पुरते.

आणि शेवटी सगळ्यात गंभीर गोष्ट. चीर गेलेला बाण सुटताना मोडतो आणि त्याची तुटकी काडी धनुष्य धरलेल्या हातात घुसते. यात सावरायला वेळच मिळत नाही. सरावाआधी प्रत्येक बाण कानाजवळ धरून दोन्ही हातांनी हलका वाकवा, चारी बाजूंनी, आणि ऐका. बारीक टक असा आवाज आला तरी तो बाण तोडून चुलीत घाला. त्यानंतर चिमूटभर कापूस घेऊन काडीवरून सबंध फिरवा. उचकटलेला धागा किंवा चीर असेल तिथे कापसाचा तंतू अडकतो. कापसाला आपल्याकडे तोटा नाही. आमच्या पोरांच्या पिशवीत बाणांबरोबर कापसाचा बोंडभर गोळा असतोच, आणि तो फिरवल्याशिवाय मी कुणालाही दोरी ओढू देत नाही.

यंदा ३६ काड्या केल्या होत्या. पौषात कापल्या, वजनाच्या वहीप्रमाणे चैत्रात वाळल्या, वैशाखात तीन शेक झाले. श्रावणात चौकटीतून काढून नखावर फिरवल्या तेव्हा चार वाकलेल्या निघाल्या. तीन नव्या जागी, तिन्ही पिसांच्या लगतच, म्हणजे तिथे चपडीचा हात कमी पडला होता. एक जुन्या जागी, क्रमांक १९. वहीत तिच्या पुढे मी पौषातच लिहून ठेवलं होतं: शेंड्याकडच्या दोन गाठींवर पापुद्रे, कोवळी वाटते.